वैशाखात पायाशी हिरवं काय उरतं? मराठवाड्याच्या रानातल्या जमिनीलगतच्या वनस्पती ओळखताना

मराठवाड्यातलं जंगल बघायचं म्हटलं की आपण श्रावण गाठतो. गौताळ्याला जातो, म्हैसमाळला जातो, येडशीच्या रामलिंगाला, बीडच्या कपिलधारला, सौताड्याच्या धबधब्याला जातो. सगळीकडे हिरवंगार असतं, डोळे निवतात, पण त्या गर्दीत चार महिन्यांचा पाहुणा कोण आणि बारमाही राहणारा कोण हे काही कळत नाही. जमिनीलगतच्या झाडोऱ्याशी ओळख करून घ्यायची असेल तर चैत्र-वैशाखात, सकाळी लवकर, त्याच वाटेने जाऊन बघावं. साग उघडा पडलेला असतो, पाचोळा पायाखाली करकरतो, गवत वाळून गेलेलं असतं. तरीही एखाद्या घळीत, करवंदाच्या जाळीखाली, कातळाच्या फटीत हिरवं पान दिसतं. ते पान तिथे टिकलं याला पक्कं कारण असतं. ते कारण शोधत गेलं की झाड ओळखू येतं आणि त्या जागेबद्दलही पुष्कळ कळतं: पाणी कुठून झिरपतं, माती कुठे शाबूत आहे, वणवा कुठवर येऊन गेला.

सदाहरित हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर कोकण आणि सह्याद्रीचा घाटमाथा येतो. आपलं जंगल तसलं नाही. ते शुष्क पानझडी जंगल आहे. मराठवाड्याच्या बहुतेक भागात वर्षाचा पाऊस ६०० ते ९०० मिलिमीटरच्या दरम्यान, तोही मुख्यतः जून ते सप्टेंबरमध्ये. किनवट-माहूरकडे पाऊस जरा जास्त, म्हणून तिथला साग उंच आणि दाट. आष्टी-पाटोद्याकडे कमी, म्हणून तिथे रान खुरटं आणि काटेरी. साग, धावडा, सालई, मोई, पळस ही आपली मोठी झाडं उन्हाळ्यात पानं टाकून पाणी वाचवतात. म्हणजे जमिनीवरच्या झाडांना सावलीची सगळ्यात जास्त गरज असते नेमकं तेव्हाच वरचं छप्पर निघून जातं.

मग एवढ्या छळात खाली एखादी वनस्पती पानं धरून का ठेवते? उत्तर हिवाळ्यात आहे. पावसाळ्यात सागाचं हातभर पान वर पसरलं की जमिनीवर फार थोडा प्रकाश पोचतो. पाणी भरपूर, पण ऊन नाही. उन्हाळ्यात ऊन भरपूर, पण पाणी नाही. या दोन्हींच्या मधे, साधारण कार्तिकापासून माघापर्यंत, वरची पानं विरळ होत जातात आणि मातीत अजून ओल असते. प्रकाश आणि पाणी एकत्र मिळण्याचे हेच ते दिवस. पावसाळी रोपं तोवर बी टाकून मेलेली असतात. ज्यांची पानं आधीपासून तयार आहेत, त्यांना या दिवसांत मोकळं रान मिळतं. त्या कमाईवर ती पुढचा उन्हाळा काढतात. म्हणून आपल्याकडची बारमाही हिरवी भुईवेल बघताना तिच्या आसपासच्या झाडांची पानं कधी गळतात हेही बघत जावं; दोन्हींचं गणित एकमेकांत अडकलेलं असतं.

दुसरी गोष्ट पाण्याची. आपला काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरांवर थर साचून तयार झाला. प्रत्येक थराचा वरचा भाग सच्छिद्र, लवकर झिजणारा, पाणी पिणारा. खालचा भाग घट्ट, पाणी अडवणारा. दोन थरांच्या मधे कधी कधी विटकरी-लाल मातीचा पट्टा दिसतो, तोही पाणी सहजी खाली जाऊ देत नाही. पावसाचं पाणी डोंगरात मुरतं, अशा घट्ट थरावर येऊन थांबतं आणि कड्याच्या अंगातून आडवं बाहेर झिरपतं. अजिंठ्याच्या डोंगररांगेत किंवा बालाघाटाच्या कड्यांवर उन्हाळ्यात एका सरळ रेषेत हिरवट ओळ दिसली तर ती बहुतेक हीच झिरपणी असते. त्या ओळीत सगळ्यात आधी भेटतो तो हंसराज.

हंसराज हा नेचा आहे. त्याला फूल नाही, बी नाही. ओळखायची पहिली खूण म्हणजे देठ: काळाभोर, तुकतुकीत, केसासारखा बारीक, हात लावला तर कडक. त्यावर पंख्याच्या आकाराची पातळ, फिकट हिरवी पानं. पाण्याचा थेंब टाकला तर पानावर पसरत नाही, गोळी होऊन घरंगळतो. पान उलटं करून उजेडात धरा. कडेला पानाचीच किनार आत दुमडलेली दिसेल आणि त्या दुमडीखाली तपकिरी भुकटीच्या रेघा. ते बीजाणू, नेच्याचं बियांच्या जागचं साधन. हंसराजाच्या गटाची ही महत्त्वाची खूण आहे, कारण इतर बऱ्याच नेच्यांमध्ये बीजाणूंचे ठिपके पानाच्या मधोमध शिरांवर असतात.

आपल्याकडे हंसराजाचे दोन प्रकार सहज भेटतात. एकाची पर्णिका, म्हणजे पानाचा सुटा छोटा भाग, अर्धचंद्रासारखी, एका देठावर दोन्ही बाजूंनी ओळीने लावलेली. त्याच्या पात्याचं टोक लांबत जातं, वाकून मातीला टेकतं आणि तिथे मुळं फुटून नवीन रोप उभं राहतं. असं टोकाटोकाने तो सगळी दरड झाकून टाकतो. हा मुख्यतः पावसाळी. ओल संपली की वरून वाळतो आणि जमिनीतल्या खोडावर तग धरतो. दुसऱ्याचं पान जास्त विभागलेलं, पर्णिका पाचरीसारख्या. याला पाणी कायम लागतं आणि ते मिळालं तर तो बाराही महिने हिरवा राहतो. हा बघायला जंगलातच जायला पाहिजे असं नाही. मराठवाडा बारवांचा मुलूख आहे. जुन्या बारवेच्या आतल्या, उत्तरेकडे तोंड असलेल्या भिंतीवर, पाण्याच्या पातळीच्या थोडं वर दगडांच्या सांध्यांत बघा. तिथली थंड, दमट हवा त्याला मानवते.

बारवांची साफसफाई गावोगाव चालू आहे आणि ते फार मोलाचं काम आहे. वड, पिंपळ, उंबर काढावेच लागतात, त्यांची मुळं चिरे फोडतात. पण त्याच झपाट्यात हंसराजही खरवडला जातो, तेव्हा जीव तुटतो. त्याची बारीक मुळं दगड हलवू शकत नाहीत. सांधे भरायचे नसतील तिथे तो राहू द्यावा, एवढी माझी मागणी आहे.

त्याच्या अगदी उलट वागणारा नेचा म्हणजे मयूरशिखा. उघड्या कातळाच्या फटीत, लेण्यांच्या वाटेवरच्या कड्यांत, गढीच्या पडक्या भिंतीत तो सापडतो. बोटभर उंचीचं ताडाचं पान कुणी दगडात खोचून ठेवावं तसा दिसतो, त्यामुळे दुसऱ्या कशाशी घोटाळा होत नाही. उन्हाळ्यात तो तपकिरी होऊन आतल्या बाजूला गुंडाळतो, मेला असंच वाटतं. पहिली चांगली सर आली की काही तासांत तीच पानं उलगडायला लागतात आणि पुन्हा हिरवी होतात. नवीन पान फुटण्याची वाट बघत बसावं लागत नाही. पेशींतलं बहुतेक पाणी गेलं तरी आतली रचना मोडू न देण्याची ही क्षमता फार थोड्या वनस्पतींत असते. काटेकोरपणे बघितलं तर त्याला बारमाही हिरवा म्हणता येणार नाही. पण पान तेच, म्हणून मी त्याला याच यादीत बसवतो. खडकावरच्या शेवाळाचंही असंच: सुकून काळं पडलेलं शेवाळ ओंजळभर पाण्याने डोळ्यांदेखत हिरवं होतं.

आता कातळावरून खाली, झाडांच्या सावलीत येऊ. इथली माझी सगळ्यात लाडकी वेल उपळसरी, म्हणजेच अनंतमूळ. खूप जणांनी ती तुडवली असेल, बघितली नसेल. जमिनीवर पाचोळ्यातून सरपटते, आधार मिळाला तर करवंदाच्या जाळीवर थोडी चढते. खोड सुतळीपेक्षा बारीक, तपकिरी. पानं समोरासमोर, गर्द हिरवी, वरून चकचकीत, आणि मधल्या शिरेवर पांढरट पट्टा. अडचण एकच आहे, तिची पानं एकसारखी नसतात. कोवळ्या वेलीची पानं गवतासारखी लांब अरुंद असतात, त्यांच्यावर पांढरा पट्टा ठळक. जुन्या वेलीची पानं लंबगोल, कधी कधी पट्टा जवळजवळ नाहीच. एकाच वेलीवर दोन्ही तऱ्हा दिसू शकतात. म्हणून आकारावर विसंबू नये. पान तोडल्यावर पांढरा चीक येतो का, पानं समोरासमोर आहेत का, हे बघावं. फुलं इतकी बारीक की मुद्दाम वाकून शोधावी लागतात: बाहेरून हिरवट, आतून जांभळट. फळं दोन दोन, बारीक शेंगांसारखी. वाळून फुटली की रेशमी केसांचं बी उडतं.

पक्की खूण मात्र जमिनीखाली आहे. मुळाला गोड सुवास असतो, व्हॅनिलाच्या जवळ जाणारा, कारण त्यातलं सुगंधी द्रव्य व्हॅनिलिनचंच भावंड आहे. आणि हाच सुवास तिच्या मुळावर उठला. दक्षिणेत या मुळांचं सरबत करतात, आयुर्वेदात सारिवा म्हणून तिला मोठा मान आहे, त्यामुळे मुळं खणून नेणाऱ्यांची कमी नाही. वास घेण्यासाठी मूळ उकरायची काही गरज नाही. पावसाळ्यानंतर ओघळीच्या काठाची माती ढासळलेली असते तिथे मूळ आपोआप उघडं पडलेलं सापडतं. त्यावर नखाने हलकं खरवडलं तरी पुरतं. तपकिरी-काळ्या पंखांच्या कडेला पांढरे ठिपके असलेलं एक मोठं, संथ उडणारं फुलपाखरू या वेलीवर अंडी घालतं. त्याच्या अळ्या उपळसरीची पानं खातात, हेही खुणेसारखं वापरता येतं.

उपळसरीच्या शेजारी, सागाच्या अर्धवट सावलीत, गुडघ्याएवढी दोन झुडपं बऱ्याचदा जोडीने भेटतात: सालवण आणि पिठवण. दोन्ही दशमुळांतली. सालवणीला एका देठावर एकच पान असतं, टोकाला निमुळतं. तिच्या चपट्या शेंगेचे तुकडे तुकडे होतात आणि सूक्ष्म आकड्यांमुळे पायजम्याला चिकटून घरापर्यंत येतात. पिठवण एकदा बघितली की विसरत नाही. तिच्या लांबट पर्णिकांवर मधोमध पांढरट पट्टा, कुणी पिठाचं बोट ओढल्यागत. खालची पानं वेगळी, एकेकटी आणि रुंद असू शकतात, म्हणून झुडपाच्या वरच्या भागाकडे बघावं. दोघी शेंगवर्गातल्या असल्यामुळे मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र मातीत बांधतात. दशमुळासाठी मूळच लागतं, म्हणजे झुडूप समूळ उपटलं जातं. त्यामुळे वाटेच्या कडेला दिसेनाशा झालेल्या या दोघी आतल्या रानात दिसल्या तर तो भाग अजून फारसा ओरबाडला गेलेला नाही असं धरायला हरकत नाही.

चित्रकही याच सोबतीतला. पानं साधी, मऊ. फुलं पांढरी, पाच पाकळ्यांची, लांब नळीवर. फुलाखालचं हिरवं वेष्टन बोटाला चिकटतं, तीच त्याची खूण. मूळ मात्र हाताळू नये. त्यातल्या द्रव्याने कातडीला फोड येतात, आणि वैद्यांच्या देखरेखीशिवाय पोटात घेतलं तर ते घातक ठरू शकतं. चित्रकाच्या फुलोऱ्याभोवती पट्ट्यापट्ट्यांच्या पंखांचं एक चिमुकलं निळसर फुलपाखरू घिरट्या घालताना दिसेल. तेही आपली अंडी त्यावरच ठेवतं.

वासनवेल आणि कांडवेल ओळखायला अवघड नाहीत. वासनवेलीचं पान मखमली लवेचं. चुरून पाण्यात कालवलं आणि ठेवून दिलं की पाणी खरवसासारखं थिजतं. कांडवेल चौधारी, मांसल, सांध्यासांध्यांची. तिची पानं गळाली तरी खोड हिरवं राहतं आणि अन्न तेच बनवतं. हवा आत घेण्याची छिद्रं ती रात्री उघडते, त्यामुळे दिवसा पाणी उडून जात नाही.

सावलीतलं एक गवतही बघण्यासारखं आहे. आपली हरळी, कुसळी, शेतातली ज्वारी ही सगळी कडक उन्हाची गवतं. त्यांची अन्न बनवण्याची रीतच तीव्र प्रकाशासाठी घडलेली आहे, म्हणून दाट सावलीत ती रोडावतात. पण ओढ्याकाठी जांभूळ-करंजाच्या खाली रुंद, आखूड पात्यांचं एक गवत गालिचासारखं पसरतं. पात्यावर आडव्या लाटा असतात, जणू कापडाला चुण्या पाडल्यात. वनस्पतिशास्त्रात त्याचं नाव ओप्लिस्मेनस. सांध्यासांध्यांवर मुळं फुटत ते पुढे सरकतं. बी पिकल्यावर त्याची कुसं चिकट होतात आणि कुत्र्याच्या, माणसाच्या अंगाला लागून पसरतात. हे गवत जिथे आहे तिथली सावली जुनी आणि स्थिर आहे.

पाण्याच्या अगदी काठाला मंडूकपर्णी. रानापेक्षा पाटाच्या कडेला, विहिरीच्या थारोळ्याशी ती जास्त सापडते. मूत्रपिंडाच्या आकाराचं पान, कडा कातरलेली, शिरा देठापासून पंख्यासारख्या फाकलेल्या. बाजारात हिलाच ब्राह्मी म्हणतात, आणि बारीक, जाडसर, लांबट पानांच्या जलब्राह्मीलाही ब्राह्मीच म्हणतात; दोन्ही झाडं पूर्ण वेगळ्या कुळातली आहेत, एवढं ध्यानात ठेवावं. आपल्या काळ्या मातीत मंडूकपर्णीशी हमखास गल्लत होते ती उंदीरकानीची. तीही सरपटते, तीही सांध्यांवर मुळं धरते, पानही तसंच गोल. पण उंदीरकानीला पानाच्या बगलेत पिवळं नरसाळ्यासारखं फूल येतं. मंडूकपर्णीची फुलं बारीक, गुलाबीसर, पानांखाली लपलेली. गोदावरीच्या काठाला, बाभळींच्या विरळ सावलीत जलपिंपळी दिसेल: पानाच्या टोकाकडे दाते आणि लांब देठावर गुलाबी-पांढऱ्या फुलांचं छोटं बोंड, जे वाढत वाढत पिंपळीसारखं लांबट होतं.

काळी मुसळी, रानहळद, केना ही सगळी श्रावणातली शोभा. बारमाही हिरव्यांत त्यांना धरता येत नाही. केन्याची एक गंमत मात्र सांगायलाच हवी: निळ्या फुलांशिवाय त्याला जमिनीखालीही बंद फुलं येतात आणि तिथेच बी धरतं. वरून कितीही खुरपा, तो परत का येतो ते शेतकऱ्याला माहीत असतंच.

हिरवं दिसलं म्हणजे देशी असंही नाही. घाणेरी उन्हाळ्यातही पुष्कळदा हिरवी असते आणि तिच्या जाळीखाली बाकी काही उगवत नाही. गाजरगवत आणि उग्र वासाची रानतुळस पावसाळ्यानंतर ओसाड भाग व्यापतात. तिन्ही मूळच्या अमेरिका खंडातल्या. शहरांच्या दुभाजकांवर आणि बंगल्यांभोवती लावलेली पिवळ्या फुलांची चकचकीत सिंगापूर डेझीही तिकडचीच. ती नाल्यात शिरली की काठची मंडूकपर्णी गुदमरते. छुईमुई म्हणून आपण ज्याला बोट लावतो ते लाजाळूही बाहेरचंच आहे. आपलं लाजाळू वेगळं: वीतभर उंचीचं, शेंड्यावर छत्रीसारखी पानं, पिवळी फुलं, दमट सावलीत पावसाळ्यात उगवणारं.

या खालच्या थराचा उपयोग काय, असं कुणी विचारलं तर त्याला सागाच्या रानात पावसाळ्यातल्या जोरदार सरीत उभं करावं. सागाच्या रुंद पानांवर पाणी साचून मोठे थेंब होतात आणि उंचावरून पडून उघडी माती उडवतात. खाली पाचोळा आणि वेली असतील तर तो मारा तिथेच जिरतो. नसतील तर मातीला ओघळी पडतात आणि ती ओढ्यातून धरणात जाते. फाल्गुन-चैत्रात मोहफुलं वेचायला सोपं जावं, गवताला नवा कोंब यावा म्हणून लावलेली आग साग सोसतो, कारण त्याची साल जाड असते. आगीत जातात त्या उपळसरीच्या वेली, हंसराजाची जमिनीलगतची खोडं, आणि जो पाचोळा या सगळ्यांची ओल राखून ठेवतो तो. दोन-चार वर्षं सलग आग लागली की वरून जंगल तसंच दिसतं, पण खाली फक्त रानतुळस उरते.

ओळख पटवताना एका फोटोवर भागत नाही. पानाची वरची बाजू, खालची बाजू, पान खोडाला जुळतं तो सांधा, आणि थोडं मागे सरकून आसपासची जागा, एवढे चार फोटो घ्यावेत. जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात दाखवले तर बहुतेक वेळा नाव कळतं. चव घेऊन बघू नये. अभयारण्यातून झाड, मूळ किंवा फांदी परवानगीशिवाय आणणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी आणू नये, कारण घळीतली उपळसरी अंगणात आणून लावली की सहसा जगत नाही.

अंगणात आंब्याखाली, कडुनिंबाखाली जमीन उघडी राहते, तिथे हरळीचं लॉन लावून दरवर्षी पैसे घालवण्यापेक्षा रोपवाटिकेतून ही देशी मंडळी आणावीत. मोरीच्या पाण्याच्या ओलाव्यावर मंडूकपर्णी, ऊन-सावलीत जलपिंपळी, झाडाच्या बुंध्याशी उपळसरी. लागवड मृग बरसल्यावर करावी. मंडूकपर्णीची माती सुकू द्यायची नाही, उपळसरीच्या मुळाशी मात्र पाणी साचू द्यायचं नाही. झाडाखालचा पाचोळा झाडून जाळू नये, तिथेच राहू द्यावा. पहिल्या वर्षी तण हाताने काढावं लागतं. वेली एकमेकींत गुंतल्या की ते काम पुष्कळ कमी होतं.